उतुपरिणाम : खानदेशातील दुर्भिक्ष, रोग आणि स्थलांतर यांचा धम्मदृष्टीने विचार

संयुत्त निकायात मोळियसीवक नावाच्या परिव्राजकाची आणि तथागतांची भेट वर्णिलेली आहे. मनुष्य जे काही सुख किंवा दुःख भोगतो ते सारे त्याच्या पूर्वकर्माचेच फळ होय, असे सांगणारे काही श्रमण-ब्राह्मण आहेत. आपले याविषयी काय म्हणणे आहे, असे सीवकाने विचारले. तथागतांनी उत्तरादाखल वेदनांची आठ कारणे सांगितली. पित्त, कफ, वात आणि या तिन्हींचा संनिपात ही पहिली चार. त्यानंतर ऋतूचा पालट, देहाची विषम निगा आणि दुसऱ्याने केलेला आघात ही तीन. कर्मविपाक हे आठवे, म्हणजे आठांपैकी केवळ एक. जे लोक सर्व काही पूर्वकर्मावर ढकलतात ते स्वतःच्या अनुभवाच्याही आणि लोकांत सत्य म्हणून मान्य असलेल्या गोष्टींच्याही पलीकडे धाव घेतात, असा या उत्तराचा निष्कर्ष आहे.

यांतील पाचव्या कारणाला पालि भाषेत 'उतुपरिणाम' असा शब्द आहे. उतु म्हणजे ऋतू, हवामान, उष्ण-शीताचा गुण. अंगुत्तर निकायातील गिरिमानंद सुत्तात आजारांची जी यादी येते तिच्यातही उतुपरिणामातून उद्भवणाऱ्या व्याधींचा स्वतंत्र उल्लेख आहे. आजचे शास्त्रज्ञ ज्याला हवामानबदल म्हणतात तो विषय तथागतांना अभिप्रेत होता, असे आम्ही म्हणणार नाही. शब्दाला इतके ताणणे अभ्यासकाला शोभणारे नाही. तथापि हवामान माणसाच्या देहावर परिणाम करते, ते दैवाचे किंवा मागील जन्मीच्या पापाचे फळ नसते आणि म्हणून त्याची कारणे शोधता येतात, हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वी स्पष्टपणे मांडला गेला होता, एवढे निश्चित म्हणता येते. हाच विचार हाती धरून खानदेशचा, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा इतिहास पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पाऊस हुकला की कोण आजारी पडते, कोण गाव सोडते आणि कोण तगून राहते, हे तीन प्रश्न आम्ही त्या इतिहासाला विचारणार आहोत.

तापीकाठच्या उजाड वस्त्या

चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे डॉ. शां. आ. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांचा काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानला जातो. शहामृग हा उघड्या, कोरड्या माळरानावरचा पक्षी होय. सातमाळ्याच्या पायथ्याशी तो वावरत होता, याचा अर्थ त्या काळी येथील हवामान आजच्याहून वेगळे होते. खानदेशची हवा कायमची एकसारखी कधीच नव्हती.

पुढे इ. स. पू. २००० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यात शेतकऱ्यांची गावे वसली. तापीकाठच्या सावळदा या गावावरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले आहे. साक्री तालुक्यातील कावठे, गिरणेकाठचे बहाळ, तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे ही त्याच मालिकेतील स्थळे होत. प्रकाशे येथे १९५५ साली बी. के. थापर यांनी उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन वस्ती आणि त्यावरील लोहयुगीन वस्ती यांच्यामध्ये खंड पडलेला दिसतो. इ. स. पू. १००० च्या आसपास उत्तर दख्खनमधील बहुतेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या, हे आता सर्वमान्य आहे. त्याचे कारण पर्जन्यमान घटले हे होय, असे प्रतिपादन डॉ. म. के. ढवळीकर यांनी केले. भीमेच्या खोऱ्यातील इनामगाव मात्र आणखी काही शतके टिकले. तेथील उत्तरकालीन लोकांची प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा भाग कमी होऊन पशुपालन व शिकार यांचा वाटा वाढला.

केवळ हवामानाने संस्कृती लयास जाते, हे मत सर्व विद्वानांना मान्य नाही आणि ते तसे एकांगी मानूही नये. परंतु इनामगावचे उदाहरण आम्हांस महत्त्वाचे वाटते. निसर्ग बदलला तेव्हा काही गावे उठून गेली, काहींनी आपली राहणी बदलली. म्हणजे स्थलांतर आणि जुळवणूक हे दोन मार्ग माणसासमोर तेव्हापासून आहेत.

या ओस पडलेल्या प्रदेशात पुन्हा वस्ती झाली, नगरे वाढली, आणि उत्तरेकडून प्रतिष्ठानकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवर पितळखोरे व अजिंठा येथे लेणी कोरली गेली. ही दोन्ही स्थळे आज औरंगाबाद म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असली तरी त्यांची पायवाट खानदेशातूनच जाते. बौद्ध लेण्यांतील मूर्ती व चित्रे यांवर पुष्कळ लिहिले गेले. तेथील पाण्याच्या व्यवस्थेवर त्या मानाने फार थोडे. पितळखोऱ्यात डोंगरातून उतरणारे पाणी वाहून नेण्यासाठी खडकात पन्हळी खोदल्या आहेत. कान्हेरी आणि जुन्नर येथील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांसाठी 'पोढी' हा शब्द येतो, आणि ती टाकी दान देणाऱ्या उपासक-उपासिकांची नावे तेथे कोरलेली आहेत. चार महिन्यांचा पाऊस आठ महिने पुरवायचा, हा दख्खनच्या डोंगरावरील भिक्खुसंघाचा नित्याचा प्रश्न होता. पाणी साठवणे हे त्या काळी धम्मदान होते. संयुत्त निकायात झाडे लावणाऱ्यांचे, पाणपोया व विहिरी करणाऱ्यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे, आणि सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या गिरिलेखात माणसांची व पशूंची चिकित्सा, औषधी वनस्पतींची लागवड, विहिरी आणि वृक्ष यांचा एकत्रच निर्देश केला आहे. आरोग्य आणि पाणी यांची ही सांगड अर्थपूर्ण आहे.

आधी कोण मरते?

पालि वाङ्मयात दुष्काळाला 'दुब्भिक्ख' म्हणतात. जेथे भिक्षा मिळणे कठीण झाले तो काळ, असा त्याचा सरळ अर्थ. विनयपिटकाच्या आरंभीच वेरंजा नगरीतील दुर्भिक्षाचा प्रसंग येतो. तथागत आणि भिक्खुसंघ तेथे वर्षावासासाठी राहिले होते, आणि घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी घोड्यांसाठी आणलेले जाडेभरडे धान्य कुटून भिक्खूंना दिवस काढावे लागले. या प्रसंगावरील अट्ठकथेत एक तपशील आहे. धान्य विकत घ्यायला लोक गेले की बलवान लोक दुबळ्यांना बाजूला सारून सारे धान्य घेऊन जात. दुबळ्यांनी मोठा आक्रोश केला. तेव्हा विक्रेत्यांनी एका बाजूस मापारी आणि दुसऱ्या बाजूस पैसे घेणारा बसवला. जो ज्या क्रमाने येईल त्याच्याकडून त्या क्रमाने मोल घ्यायचे, अमक्याला इतके द्यावे अशी शलाका लिहून द्यायची आणि ती पाहून धान्य मोजायचे, अशी व्यवस्था केली. आमच्या आईवडिलांच्या पिढीने १९७२ साली रेशनच्या दुकानापुढे ज्या रांगा पाहिल्या, त्यांचा हा प्राचीन पूर्वज म्हणावा लागेल. ही व्यवस्था कुणाच्या कृपेने झाली नाही. दुबळ्यांनी आवाज उठवला म्हणून ती झाली, हे अट्ठकथाकाराने नोंदवून ठेवले आहे.

दुसरा प्रसंग वैशालीचा. रतनसुत्ताच्या अट्ठकथेनुसार त्या समृद्ध नगरीत पाऊस पडला नाही, पिके वाळली, दुर्भिक्ष आले. प्रथम दरिद्री माणसे मेली. त्यांची प्रेते नगराबाहेर टाकण्यात आली. त्या दुर्गंधीने अमानुष शक्ती नगरात शिरल्या आणि अधिक लोक मेले. त्यापाठोपाठ रोग पसरला. अमानुषांचा भाग बाजूस ठेवला तरी कार्यकारणाची साखळी स्वच्छ दिसते : अवर्षण, उपासमार, दारिद्र्य, प्रेतांची अव्यवस्था, साथ.

तिसरा प्रसंग राजगृहाचा. धम्मपदाच्या अट्ठकथेत कुंभघोसकाची कथा आहे. तेथे 'अहिवातरोग' नावाची साथ आली. या रोगात आधी माश्यांपासून गाईगुरांपर्यंतचे प्राणी मरतात, नंतर दास व कामकरी मरतात आणि सर्वांत शेवटी घरमालक, असा क्रम तेथे दिला आहे. मरणाऱ्या आईवडिलांनी मुलाला भिंत फोडून पळून जायला सांगितले, आणि तो दूर निघून गेल्यामुळे वाचला. हा रोग नेमका कोणता याचा निर्णय करणे कठीण आहे. परंतु मृत्यूचा हा क्रम वैद्यकाने ठरवलेला नाही. तो घराच्या रचनेने ठरवलेला आहे. गोठ्याशेजारी झोपणारा आधी मरतो आणि माडीवर झोपणारा शेवटी. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास करणाऱ्याने हा दुवा सोडून चालणार नाही. पाऊस न पडणे हे निसर्गाचे काम असेल. पण मरणाचा क्रम समाज लावतो.

१६३० ते १९१८

खानदेशच्या इतिहासात हा क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. १६३० साली पाऊस हुकला आणि १६३१ साली तो अतिरेकी झाला. गुजरात आणि खानदेश दोन्ही उद्ध्वस्त झाले. पीटर मंडी हा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरकडे गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस गावे यांचे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. त्याच वेळी बादशहा शहाजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. गरिबांसाठी लंगर उघडले गेले, पण फौजेच्या पोटासाठी धान्य त्याच मुलखातून जात होते. दुष्काळावर युद्धाचा भार पडला की काय होते, हे खानदेशने पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीही अनुभवले. १८०२ ते १८०४ या काळात होळकरांच्या फौजांची लूट आणि अवर्षण एकत्र आले व कित्येक गावे नांगरावाचून राहिली.

ब्रिटिश अमदानीत १८९९-१९०० चा दुष्काळ सर्वांत भयंकर ठरला. विक्रम संवत १९५६ मध्ये तो आला म्हणून गुजरात-राजस्थानकडे त्याला छप्पनिया म्हणतात. त्याआधी १८९६-९७ चा दुष्काळ होऊन गेला होता, आणि १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग होता. लागोपाठच्या या आघातांनी १८९१ नंतरच्या दशकात खानदेशच्या लोकसंख्येची वाढ जवळजवळ थांबली. सरकारने दुष्काळ-संहितेनुसार मदतकामे काढली. खडी फोडण्याच्या आणि मातीकामाच्या ठिकाणी हजारो लोक एकत्र आले. पिण्याचे पाणी अपुरे, आणि आहे ते दूषित. इलाख्यातील अशा छावण्यांत पटकीने माणसे मेली. अन्नासाठी गाव सोडले आणि पाण्याने घात केला, अशी ही गत होती. १९१८ साली पुन्हा पाऊस हुकला, धान्य महागले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली. अर्धपोटी देहांना तिने सहज गाठले. मुंबई इलाख्यात या साथीने दहा लाखांहून अधिक बळी घेतले असा अंदाज आहे.

१८७७, १८९९, १९१८ आणि १९७२ ही वर्षे प्रशांत महासागराच्या पाण्याचे तापमान वाढण्याशी, म्हणजे 'एल निनो' या घटनेशी जोडलेली आहेत, हे आता ज्ञात आहे. १८९९ च्या आपत्तीनंतर भारताच्या वेधशाळांचे प्रमुख म्हणून आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांच्या संशोधनाने या ज्ञानाचा पाया घातला. खानदेशातील कोरड्या विहिरीचे एक कारण हजारो कोस दूरच्या समुद्रात असते. देवीचा कोप म्हणून कोंबडे-बकरे कापणाऱ्या समाजाला हे कळणे हीसुद्धा धम्मक्रांतीच होय.

परंतु या दुष्काळांत आमचे पूर्वज कोठे उभे होते? सरकारी अहवालांत मृतांचे आकडे जिल्ह्यावार मिळतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा हिशेब त्यांत वेगळा सापडत नाही. तो आपण रूढींवरून जोडून घ्यावा लागतो. चारा संपला की गुरे मरत. मेलेले जनावर ओढून नेणे हे महाराच्या वतनातील काम होते आणि त्याचे मांस हा त्याचा 'हक्क' होता. सुगीत शेतकऱ्याच्या खळ्यावरून मिळणारे बलुते दुष्काळात बंद होई, आणि मेलेल्या जनावरांचा 'हक्क' मात्र वाढे. गावाची विहीर त्याला बंद होती. नदीच्या पात्रात खोदलेल्या झिऱ्याचे, जनावरांनी डहुळलेले पाणी त्याच्या वाट्याला येई. म्हणजे उपासमार, सडके मांस आणि दूषित पाणी या तिन्ही गोष्टी त्याच्यासाठी रूढीनेच योजून ठेवल्या होत्या. मार्च १९२७ मध्ये महाड येथे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस सोडण्याचा उपदेश केला आणि चवदार तळ्याचे पाणी घेतले. या दोन्ही गोष्टी मानवी प्रतिष्ठेच्या होत्या, हे आपण नेहमी सांगतो. त्या आरोग्याच्याही होत्या, हे सांगायला मात्र आपण विसरतो.

फड : एक शहाणी व्यवस्था आणि तिची मर्यादा

खानदेशने दुष्काळाशी जुळवून घेण्याचे जे मार्ग काढले त्यांत फड पद्धतीचे स्थान मोठे आहे. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर ठिकठिकाणी दगडी बंधारे घालून पाणी पाटाने शेतांवर नेण्याची ही पद्धत तीन-चारशे वर्षांपासून चालत आली. एका बंधाऱ्याखालच्या भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणत. थळाचे साधारणतः चार फड पाडलेले असत. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यायचे; कोणत्या फडात ऊस, कोणत्यात गहू, कोणत्यात भुसार, हे सर्व मिळून ठरवायचे, आणि पुढील वर्षी पिके फिरवायची. प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवत, म्हणजे तोटा सर्वांना सारखा वाटला जाई. पाणी वाटण्यासाठी पाटकरी, देखरेखीसाठी हवालदार आणि राखणीसाठी जागल्या असत. पाटातील गाळ सर्वांनी मिळून काढायचा असे.

यात शेवटच्या शेताला पाणी मिळण्याची हमी होती आणि एकाने पाणी पळवून नगदी पीक घेण्याला आळा होता. संघाच्या कारभारात जे एकमत आणि जी समान वाटणी विनयाला अपेक्षित आहे, तिची आठवण या व्यवस्थेने व्हावी. तथापि आपण येथेच थांबलो तर इतिहासाशी प्रतारणा होईल. फडाची समता थळात जमीन असणाऱ्यांपुरती होती. ज्याला जमीन नाही त्याला पाण्यात हिस्सा नाही. तो मजूर म्हणून फडात होता, भागीदार म्हणून नव्हता. पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर मोटार-पंप आले, ज्याचे पाणी त्याचे पीक असा विचार बळावला आणि बहुतेक फड मोडले. आज जुन्या व्यवस्थांचे गुणगान ऐकू येते. त्यांचे शहाणपण अवश्य घ्यावे. त्यांची भिंत मात्र पुन्हा उभारू नये.

तापीच्या मागोमाग सुरतेकडे

तापी खानदेशातून पश्चिमेस वाहते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिच्या मागोमाग खानदेशची माणसेही गेली. सुरतेपासून अमळनेरपर्यंतचा तापी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० साली, म्हणजे त्या भीषण दुष्काळातच सुरू झाला, हा योगायोग बोलका आहे. पुढे सुरतेचे कापड-उद्योग वाढले, तशी धुळे-जळगावकडील कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत दाटीने राहू लागली.

स्थलांतर ही केवळ विपत्ती असे आम्ही मानत नाही. भुसावळच्या रेल्वेत, ओझर-वरणगावसारख्या ठिकाणच्या सरकारी कारखान्यांत आणि मुंबईच्या गिरण्यांत जे आमचे लोक गेले त्यांनी वतनाची बेडी तोडली, मुले शिकवली, आणि १९५६ नंतर धम्म गावोगाव नेला. बाबासाहेबांनी स्वतः खेड्याच्या गुलामगिरीतून बाहेर पडायला सांगितले होते. स्वतःहून निघणे वेगळे, आणि विहीर आटली म्हणून हाकलले जाणे वेगळे. पहिल्यात माणूस काही मिळवायला जातो. दुसऱ्यात तो रिकाम्या हाताने जातो आणि ज्या जागी कोणी राहणार नाही तेथे राहतो.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील मजुराला काही काळ गाव न सोडता जगता आले, ते रोजगार हमी योजनेमुळे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेचा १९७७ साली कायदा झाला आणि मागेल त्याला काम हा हक्क मान्य झाला. सुकडी आणि मिलो यांवर ती पिढी जगली. पण १८९९ सारखे मृत्यू झाले नाहीत. दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला यज्ञाऐवजी दुसरा मार्ग सांगितला आहे : शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि सेवकाला वेतन द्यावे. दुष्काळात वेतन देणारे राज्य हा त्याच विचाराचा विसाव्या शतकातील आविष्कार मानता येईल.

आणि तरीही लोक गेलेच. सप्टेंबर १९९४ मध्ये त्याची किंमत कळली. त्या पावसाळ्यात सुरतेच्या सखल वस्त्यांत पाणी साचले होते. मेलेली जनावरे आणि कचरा वेळेवर उचलला गेला नव्हता. प्लेगची बातमी पसरताच काही दिवसांत लाखो लोकांनी सुरत सोडली, आणि त्यांतील फार मोठा लोंढा भुसावळच्या गाडीने खानदेशात आला. मृतांची संख्या सुमारे पन्नासच होती. पण भीती अफाट होती. राजगृहाची भिंत फोडून पळणारा मुलगा आणि उधना स्थानकावर गाडीला लटकणारा मजूर यांच्यात आम्हांस फरक दिसत नाही. ज्या वस्तीतून ते पळाले ती वस्ती त्यांनी निवडलेली नव्हती. पुढे सुरत महापालिकेने स्वच्छतेची मोठी मोहीम राबवली आणि ते शहर पालटले. साथ दैवी नव्हती, हे त्या झाडूनेच सिद्ध केले.

आजचा उतुपरिणाम

आज प्रश्नाचे स्वरूप आणखी गंभीर झाले आहे. औद्योगिक युगापूर्वीच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते, असे आंतरशासकीय मंडळाच्या सहाव्या अहवालात नमूद आहे. या वाढीचे कारण माणसाने जाळलेला कोळसा आणि तेल हे होय. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात राजे अधार्मिक झाले की त्यांचे अधिकारी, गृहपती आणि प्रजा अधार्मिक होतात, वारे अवेळी वाहतात, पाऊस नीट पडत नाही, पिके विषम पिकतात आणि ते अन्न खाणारे अल्पायुषी व रोगी होतात, अशी साखळी दिली आहे. पूर्वी आम्ही हे रूपक म्हणून शिकवत असू. पर्जन्याचे शास्त्र म्हणून ते आजही घेऊ नये. परंतु मानवी लोभाचा परिणाम पावसावर होऊन तो दुबळ्याच्या ताटापर्यंत पोचतो, एवढा त्यातला आशय आता रूपक राहिलेला नाही.

भुसावळ-जळगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. या उन्हात वीटभट्टीवर, केळीच्या बागेत, रस्त्याच्या डांबरावर कोण असते? २०१२, २०१५ आणि २०१८ ही वर्षे दुष्काळाची गेली. दुसरीकडे ऑगस्ट २०१९ मध्ये पांझरेला पूर आला आणि ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर व डोंगरी या नद्यांनी एका रात्रीत घरे, दुकाने आणि गुरे वाहून नेली. सप्टेंबर १८७२ च्या गिरणा-पांझरेच्या महापुराची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. म्हणजे पूर नवे नाहीत, परंतु दुष्काळ आणि अतिवृष्टी यांची येरझार आता वाढली आहे. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजल वर्षानुवर्षे खोल गेले आहे.

उपायही झाले. शिरपूर तालुक्यात भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाने २००४ पासून नाले रुंद व खोल करून, त्यांवर सिमेंटचे बंधारे घालून पाणी मुरवले गेले; विहिरींची पातळी वर आली. अहमदाबाद शहराने मे २०१० च्या उष्ण लाटेत सुमारे १३४४ अधिकचे मृत्यू पाहिले आणि २०१३ साली उन्हाळ्यासाठी आरोग्याचा आराखडा तयार केला. या प्रयत्नांचे मोल आम्ही जाणतो. परंतु विहिरीची पातळी वर आली, असे कोणी सांगितले की विहीर कोणाची, हे विचारणे आपले काम आहे. भूमिहीनाच्या अंगणात विहीर नसते. त्याला पाणी मजुरीच्या दिवसांतून मिळते, आणि विहिरीच्या पाण्याने यंत्राची शेती वाढली तर तेही मिळत नाही.

रोहिणीकाठचा प्रश्न

शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण झाले. जातकाच्या अट्ठकथेत ते असे येते : जेठ महिन्यात पिके सुकू लागली, पाणी दोघांना पुरेना, शेतमजुरांत बाचाबाची झाली आणि शेवटी क्षत्रिय शस्त्रे घेऊन निघाले. तथागतांनी तेथे जाऊन कलहाचे कारण विचारले. राजांना ते सांगता आले नाही. सेनापतीला विचारले, उपराजाला विचारले. कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर दास व कामकऱ्यांना विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की, पाण्यासाठी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात याच रोहिणीच्या वादाला सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण मानले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून वैराग्य आले, ही परंपरागत कथा त्यांनी नाकारली आणि त्या जागी पाण्याच्या वाटणीचा प्रश्न ठेवला. हा बदल किती खोल आहे, ते आज उमगते. केंद्रात श्रममंत्री असताना १९४२ ते १९४६ या काळात दामोदर व महानदी यांच्या खोऱ्यांचे नियोजन त्यांच्याच पुढाकाराने आकाराला आले. पाणी जास्त झाले ही तक्रार करण्याऐवजी ते साठवून सर्वांच्या उपयोगी आणावे, अशी त्यांची भूमिका होती.

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामानिमित्त धुळ्यास आलेल्या बाबासाहेबांचे तेथे वास्तव्य झाले. त्या स्मृतीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो बौद्ध बांधव तेथे जमतात. हा दिवस बहुतेक वर्षी वर्षावासाच्या काळातच येतो. वर्षावास हा मुळात ऋतूशी केलेला करारच होय : पावसात हिरवळ व जीवजंतू तुडवू नयेत म्हणून भिक्खूंनी एका जागी राहावे, आणि उपासकांनी त्यांची काळजी घ्यावी.

आमची विनंती अशी की, खानदेशातील प्रत्येक विहाराने या काळात तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या वस्तीतून कोण कोण सुरतेला, ऊसतोडीला, वीटभट्टीला जाते आणि त्यांची मुले व वृद्ध मागे कोणाकडे राहतात, याची नोंदवही ठेवावी. चैत्र-वैशाखात दुपारी विहाराचे दार बंद न ठेवता थंड पाणी व सावली यांसाठी ते जातिधर्म न पाहता सर्वांना उघडे ठेवावे. आणि गावात पाण्याची कोणतीही योजना आली तर भूमिहीनाचा हिस्सा किती, हा प्रश्न ग्रामसभेत लेखी विचारावा. वेरंजाच्या दुबळ्यांनी आवाज केला म्हणून शलाका निघाली. रोहिणीच्या काठी खरे कारण कामकऱ्यांनाच ठाऊक होते. खानदेशातील पाण्याचे, उन्हाचे आणि स्थलांतराचे कारणही त्यांनाच विचारले पाहिजे, आणि ते बोलतील तेव्हा ऐकून घेणारा संघ जागा असला पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं.